कोरड्या हातांचे मास्तर

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही. लग्न झालंय का, हेही नाही. सुरतेत भाड्याची खोली शोधणाऱ्या एकट्या बाईला असल्या प्रश्नांची इतकी सवय होते की उत्तरं तोंडात तयारच असतात. मी तर ती रिक्षातच घोकून आले होते. गोडादऱ्यातल्या त्या दुमजली घराच्या ओट्यावर ते बसले होते. मांडीवर परात, परातीत लसूण. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"बाई, काडेपेटी नसली तर चूल पेटवता येईल?"

"माझ्याकडे गॅस आहे," मी म्हणाले.

"तो संपला तर?"

"दुसरा मागवीन."

"येणारच नाही, असं धरा."

मी उन्हातून चार घरं हिंडून आले होते. उधन्याच्या मराठी शाळेत सोमवारी हजर व्हायचं होतं. हेही घर हातचं जाणार असं दिसलं, तशी मी उगाचच बोलून गेले, "मला सांडगे घालता येतात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. परात बाजूला ठेवली. "कसले?"

"मटकीच्या डाळीचे."

"बराबर. वरची खोली तुमची."

संध्याकाळी सामान घेऊन आले तर दाराशी पाच किलो मटकीची डाळ ठेवलेली आणि वर निरोप, की रविवारी अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, या. मी सांगलीला आईला फोन लावला. "आई, सांडग्यांना डाळ किती वेळ भिजवायची गं?" मग आई हलक्या आवाजात म्हणाली, "नोकरी गेली का तुझी?"

त्या रविवारी माझं खोटं उघडं पडलं. पहिल्याच सांडग्याला ते ओळखून चुकले. पण रागावले नाहीत. "खोटं बोललात ते ठीक," ते म्हणाले, "पण सांडग्याबद्दल बोललात. म्हणजे मन कुठे आहे ते कळलं." आणि त्यांनी मला पिठाचा गोळा बोटांनी कसा तोडायचा ते दाखवलं. त्याआधी मात्र हात पुसायला लावले. एकदा, दोनदा, तीनदा.

ते उधन्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमधून निवृत्त झालेले कलर मास्तर. कपड्याला कुठला रंग किती द्यायचा, तो किती वाफेत पक्का होतो, हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रंगाचं काम सुटलं होतं, पण नखांच्या कडांना एक निळसर रेघ राहून गेली होती. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. ते मला बाई म्हणत. अंगात पांढरी बंडी, घोट्याच्या वर आलेला लेंगा आणि खांद्यावर पंचा. हा पंचा घाम पुसायला नव्हता. घाम ते बंडीच्या बाहीला पुसत. पंचा फक्त हातांसाठी. पाण्याचा पेला तोंडाला लावला तरी नंतर हात पुसत. पाऊस लांब असताना नुसतं आभाळ आलं तरी पुसत.

"ओलाव्याला लाज नसते, बाई," ते म्हणत. "बोलावलं नाही तरी येतो आणि बसतो."

आणि दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे 'सगळं बंद पडलं की'. काय बंद पडणार, कशानं पडणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लढाईचं नाव नाही, भूकंपाचं नाही. आपण 'दिवाळी आली की' म्हणतो ना, तशा सहज आणि थोड्या आनंदी आवाजात ते म्हणत, "सगळं बंद पडलं की ही गवार चार महिने जाईल." जणू बंद पडणं हा पाहुणा आहे, आणि त्याच्यासाठी घर नीट लावून ठेवलं पाहिजे.

गल्ली त्यांना हसत नसे. याचं कारण मला नंतर समजलं. टाळेबंदीच्या दिवसांत, लूम बंद, दुकानं बंद, निम्मी गल्ली गावाकडे चालत निघालेली, तेव्हा मागे राहिलेल्या चौदा घरांना याच घरातून पीठ, डाळ, वाळवलेली भाजी गेली होती. मी त्याबद्दल विचारलं तर मास्तर शरमल्यासारखे झाले. "ती खरी नव्हती हो. ती तालीम. पास झालो, पण काठावर. मीठ संपलं होतं."

त्यांची गच्ची बघण्यासारखी होती. सुरतेत साड्यांना काय तोटा! छपाई बिघडलेल्या, काठ चुकलेल्या साड्या मिलवाले अर्ध्या किमतीला देऊन टाकतात. मास्तरांच्या अगाशीवर अशा पंधरावीस साड्या अंथरलेल्या असत आणि त्यांच्यावर कुरडया, पापडासारख्या बिबड्या, बाजरीच्या खारोड्या, कारल्याच्या आणि वांग्याच्या काचऱ्या. प्रत्येक साडी अंथरण्याआधी ते ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून बघत, रंग सुटतो का. मिलमधली सवय. एकदाच चुकले. ज्वारीच्या बिबड्यांची एक अख्खी खेप उचलली तर प्रत्येकीवर गुलाबी फुलं छापलेली. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या बिबड्या फेकल्या, पण एक भिंतीवर खिळ्याला टांगली. "पहिल्यांदाच यांनी मला काहीतरी फुलांचं आणलं," त्या म्हणाल्या.

काकू फार बोलत नसत. पण बोलल्या की असं.

रंगाच्या त्या सवयीचा एक फायदा मी स्वतः पाहिला. वाळवण कधी उचलायचं हे आपण हातानं मोडून बघतो. मास्तर डोळ्यांनी बघत. त्यांनी कापडाच्या लहान लहान तुकड्यांचं एक पुस्तक केलं होतं. मेथीचे पाच हिरवे, टोमॅटोचे सहा लाल, आमचुराचे चार बदामी. प्रत्येक तुकडा त्यांनी स्वतः रंगवलेला. "हा हिरवा आला की मेथी उचलायची. याच्या पुढे गेली की ती मेथी नाही, चारा." मेथी ते अगाशीच्या कठड्याच्या सावलीतच वाळवत. आणि दर वर्षी संक्रांतीला त्यांचा सगळ्या सुरतेशी झगडा होई, कारण मेथीचे दिवस तेच आणि पतंगांचे दिवसही तेच. आजूबाजूच्या प्रत्येक गच्चीवर स्पीकर, आरडाओरडा, ऊंधियू, जिलेबी. मास्तर आपल्या अगाशीवर हातात काठी घेऊन उभे. कापलेला पतंग मेथीवर आला की काठीनं अलगद उचलत, दोरा सोडवत, आणि ज्या गच्चीवरून आला तिकडे मान लववून परत करत. गुजराती शेजारी त्यांना त्या दिवशी 'अंपायर' म्हणत.

वर्षातून दोनदा तालीम असे. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत, तीन तीन दिवस. खाली मागच्या खोलीत एक वायरमन आणि त्याची बायको सुनीता राहायची. तो इच्छापोरला कंत्राटावर कामाला होता. तालमीच्या सकाळी त्याला मास्तर मानानं बोलवत आणि तो तालीम सुरू झाल्याची खूण म्हणून मेन स्विच क्षणभर खाली ओढे. मग एका डब्यातून चिठ्ठी काढायची. डब्यात तीनच प्रकारच्या चिठ्ठ्या असत: 'वीज नाही', 'नळाला पाणी नाही', 'दुकानं बंद'. जी निघेल तिच्याप्रमाणे तीन दिवस राहायचं. मास्तर चिठ्ठी डोळे मिटून काढत. नमुना निष्पक्ष पाहिजे, हे त्यांचं मिलमधलं म्हणणं.

पहिल्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी मला भाकरी आणि काचऱ्यांचा कंटाळा आला आणि मी फोनवरून गुपचूप पराठे मागवले. डिलिव्हरीवाला आला तो नेमका मास्तरांच्या पुढ्यात उभा राहिला. मी जिन्यात थिजले. मास्तरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"दहा मिनिटांत येतं?"

"हो काका."

"येतं ते ठीक. पण निघतं कुठून?"

त्यानं एका गोडाऊनचं नाव घेतलं. गोडाऊनमध्ये कुठून येतं, हे त्याला माहीत नव्हतं. मग मास्तरांनी त्याच्यापुढे तळलेल्या खारोड्या ठेवल्या आणि बाजरी कुठली, तीळ कुठले, कुठल्या दिवशी घातल्या, सगळं सांगितलं. तो जळगावकडचा, म्हणजे मास्तरांसारखाच खानदेशी निघाला. जाताना खारोड्यांचा पुडा घेऊन गेला. पराठे मास्तरांनी माझ्या हातात दिले. "गार होतायत, बाई. खा. पण दुकान म्हणजे दुसऱ्याची कोठी, एवढं ध्यानात ठेवा."

सगळ्यात गमतीचा होता तो नकाशा. पांढऱ्या कापडावर मिलच्या उरलेल्या रंगांनी हातानं काढलेला. निळी तापी, आणि तिच्या कडेकडेनं लाल ठिपके: बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार. नऊ मुक्काम. शेवटचा ठिपका दोंडाईच्यापुढचं त्यांचं गाव. सगळं बंद पडलं की आम्ही सारे या वाटेनं चालत जाणार होतो आणि प्रत्येकाचं ओझं ठरलेलं होतं. माझ्याकडे मीठ आणि बियाणं, कारण शाळेतल्या माणसावर विश्वास ठेवता येतो. जात्याची वरची तळी वायरमनकडे आणि खालची सुनीताकडे.

"दोन्ही तळ्या मी घेतो की," वायरमन म्हणाला.

"नको. वाटेत भांडलात तरी वेगळे होणार नाही. पीठ लागतंच."

काकूंना काहीच ओझं नव्हतं. मी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "तिच्या डोक्यात सगळं आहे. तिला नुसतं सुखरूप न्यायचं."

आणि गावात कोण? गावात वहिनी. मास्तरांची आई लहानपणीच गेली, थोरल्या भावाच्या बायकोनं त्यांना वाढवलं. वहिनीचं नाव निघालं की ते बसल्या जागी सरळ होत. वहिनीच्या माळ्यावर सात वर्षांचं लोणचं आहे. वहिनीची कणगी शेणानं अशी लिंपलेली असते की मुंगीला दार सापडत नाही. वहिनी वाऱ्याचा वास घेऊन सांगते, आज बिबड्या घालू नका. "आपण तिथवर पोचलो की जिंकलो, बाई. पुढचं वहिनी बघेल."

"शेवटचे कधी गेला होतात?" मी एकदा विचारलं.

ते उठून काचऱ्या हलवायला गेले.

काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं. बेचाळीस वर्षं झाली, मास्तरांनी त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. थोरला भाऊ होता तोवर तोच सुरतेला येऊन भेटून जाई. मास्तरांचं लग्नही त्यानंच सुरतेत लावून दिलं. तो वारला तेव्हा मास्तर गावी गेले, पण स्मशानातूनच परतले.

"जमिनीवरून भांडण?" मी विचारलं.

"जमिनीवरून असतं तर कोर्टात तरी गेलो असतो," काकू म्हणाल्या. "लोणच्यावरून."

एकोणीस वर्षांचे मास्तर विहिरीवरून आले आणि ओल्या हातानं त्यांनी बरणीतून कैरीची फोड काढली. गणपतीच्या आत बरणीला बुरशी. वर्षाचं लोणचं गेलं. वहिनी संतापून बोलून गेली, "तुझा हात लागला की वाळलेलं ओलं होतं. तुझ्या हाताला यश नाही." दुसऱ्या सकाळी मास्तर सुरतेच्या गाडीत. आधी राग होता. राग गेला तेव्हा लाज आली, आणि लाज गेली तोवर इतकी वर्षं झाली होती की आता कुठल्या तोंडानं जायचं.

"वहिनी काही म्हणत नाहीत?"

"मी दर वर्षी जाते. यांना ती भाऊ म्हणते. ती विचारते, भाऊ कसा आहे. हे विचारतात, वहिनी कशी आहे. मी काय पोस्टमन आहे?" मग काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि स्वतःशीच अहिराणीत पुटपुटल्या, "जग बुडाना बगर हाऊ माणूस गावले जावाव नही."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जग बुडल्याशिवाय जाणार नाहीत. बरोबर. मग बुडवू या की.

मेच्या तालमीच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं, अक्षर चांगलं म्हणून. मी तीस चिठ्ठ्या लिहिल्या. सकाळी वायरमननं स्विच ओढला, मास्तरांनी हात पुसले, डोळे मिटले, चिठ्ठी काढली, उघडली.

'शहर सोडा.'

"ही कुठून आली?" ते म्हणाले. "ही तर नव्हती आपल्यात." त्यांनी ती घडी करून परत टाकली, डबा हलवला, दुसरी काढली. 'शहर सोडा.' तिसरी. 'शहर सोडा.' आता त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पदराला गाठ मारत होत्या. गाठीत घराची किल्ली होती.

"तालमीत नियम म्हणजे नियम," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगता."

"हा नमुना निष्पक्ष नाही!"

"जग बुडतं तेव्हा निष्पक्ष बुडतं का?"

मास्तर डब्यात बघत उभे राहिले. मग त्यांनी शेवटचा बचाव केला. चालत जायचं तर नऊ दिवस लागतील, तालीम तीनच दिवसांची आहे. यावर वायरमन म्हणाला की पहिल्या दिवशी गाडी चालू असते, बंद दुसऱ्या दिवसापासून पडते. त्यानं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मास्तरांना पटलं. किंवा पटवून घ्यायचं होतं. ते आत गेले, धुतलेला लेंगा घालून आले, खांद्यावर नवा पंचा. उधन्याला आम्ही पाचजण भुसावळकडच्या गाडीत चढलो. मीठ आणि बियाणं माझ्या पिशवीत होतं. जातं वायरमननं घरीच ठेवलं.

व्याऱ्यापर्यंत मास्तर बोलत होते. नवापूरनंतर बोलायचे थांबले. दोंडाईच्याला उतरून टमटममध्ये बसलो तेव्हा त्यांनी दोन्ही हात पंच्यात गुंडाळले होते.

गाव उन्हात पडलेलं. घराच्या फाटकाशी ते थांबले. "मी आधी नदी बघून येतो," ते म्हणाले. तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला आणि दारात एक लहानशी, वाकलेली म्हातारी उभी राहिली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"उना का रे, भाऊ?"

"उनू, वहिनी." आलो, एवढंच ते म्हणाले.

"इतला उशीर?" जणू दुकानातून गूळ आणायला धाडलं होतं. "बठ. हात धुई ले, जेवन करी ले."

आणि मास्तर फाटकातून आत गेले. बेचाळीस वर्षांची वाट त्यांनी सहा पावलांत संपवली.

वहिनीची सून अंगणवाडीत काम करते. तिनं घाईघाईत पिठलं, उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी आणि तळलेल्या कुरडया वाढल्या. मास्तरांनी कुरडई उचलली, उजेडात धरली, तोडून खाल्ली. त्यांचा चेहरा असा झाला की आम्ही जेवायचे थांबलो. "वहिनी," ते म्हणाले, "हात अजून तोच आहे गं तुझा."

सून भाबडेपणानं म्हणाली, "काका, ही तर पाकिटातली. सुरतहूनच येते."

काकू दर वर्षी येऊन हे बघत होत्या आणि घरी एक शब्द बोलल्या नव्हत्या; त्यांनी छताकडे पाहिलं. वायरमननं ताटाकडे. मास्तर हातातल्या कुरडईच्या तुकड्याकडे बघत होते.

जेवण झाल्यावर ते शिडी लावून माळ्यावर गेले. बरण्या होत्या. एकीत चार्जरच्या वायरी, एकीत बल्ब, एकीत क्रिकेटचा चेंडू. कणगी फाटून गोठ्यात पडली होती. ते खाली आले आणि वहिनीच्या खाटेशी जमिनीवर बसले.

"वहिनी, हे काय झालं?"

"काय होणार रे? माझे हात उचलत नाहीत. सून सकाळी जाते ती चारला येते. कोण घालणार?" वहिनी अहिराणीत बोलत होती, मी ते माझ्या मराठीत सांगते आहे. "बाजारात मिळतं की."

"आणि सगळं बंद पडलं तर?"

"काय बंद पडलं?"

"सगळं, वहिनी. दुकानं, गाड्या, वीज."

वहिनीनं विचार केला. "मग तू आहेस ना," ती म्हणाली.

मास्तर उठून अंगणात आले. मला वाटतं, त्यांच्या नकाशावर जिथं वाट संपत होती तिथं आता वहिनीनं त्यांनाच उभं केलं होतं, आणि ते त्यांना पटत नव्हतं. संध्याकाळभर ते अंगणात फेऱ्या मारत होते.

सकाळी वहिनीनं सगळ्यांना कामाला लावलं. मागच्या झाडाच्या कैऱ्या वायरमननं उतरवल्या. सुनीता अडकित्त्यानं फोडायला बसली. फोडी पुसायचं काम माझं. काकूंनी मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, हळद मांडलं, तेल तापवून गार केलं. बरणी धुऊन, उन्हात वाळवून, हिंगाची धुरी देऊन ठेवली. खाटेवरून काठीनं दाखवत वहिनीचा हुकूम सुटत होता. शेवटी काठी मास्तरांकडे वळली.

"भाऊ, तू कालव."

"मी नको, वहिनी."

"कालव म्हणते ना."

त्यांनी हात धुतले. पुसले. पुन्हा पुसले. मग उन्हात जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. शेजारच्या दोन बायका कुंपणावरून बघायला लागल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"हात वाळत घातलेत की बिबड्या?" वहिनी ओरडली.

ते आले, परातीपुढे बसले. हळद, तिखट, मोहरी. मग मीठ.

"किती?"

"टाक."

त्यांनी ओंजळभर टाकलं.

"अजून."

टाकलं.

"अजून टाक."

"वहिनी, खारट होईल."

"होऊ दे. मागल्या वेळी कमी पडलं म्हणून तर..." आणि वहिनी थांबली.

मास्तरांचे हात परातीत तसेच राहिले. "कुठल्या मागल्या वेळी?"

"तुझ्या वेळी." वहिनी खाटेच्या कडेला सरकली. मग एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "मीठ मीच कमी टाकं व्हतं रे, भाऊ. दुसरी बरणी उघडी, तीबी खराब. तिले तर तुना हात लागेल नव्हता."

दुसरी बरणी, जिला मास्तरांचा हातच लागला नव्हता, तीही बुरसली होती.

"मग सांगितलं का नाही?" मास्तरांचा आवाज एकोणीस वर्षांचा झाला होता.

"सांगायला तू होतास कुठे? आणि असल्या गोष्टी निरोपानं सांगायच्या नसतात. तोंडानं सांगायच्या. मी वाट बघत बसले, तू येशील तेव्हा सांगू."

"बेचाळीस वर्षं?"

"तू आला नाहीस तर मी काय करू?"

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही हात कोपरापर्यंत तिखटानं, हळदीनं माखलेले. त्यांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बाई, जरा डोळे पुसा हो माझे. हाताला तिखट आहे."

मी त्यांच्या खांद्यावरचा पंचा काढून त्यांचे डोळे पुसले. पुसता पुसता मला त्यांचे खांदे हलताना जाणवले. वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. आधी आवाज नव्हता, मग असा आवाज आला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "तुझ्या चिमूटभर मिठापायी मी सुरतेत अख्खी अगाशी वाळत घातली!"

"मग मिठाचे उपकार मान," वहिनी म्हणाली. "कालव आता. कोरडं होतंय."

लोणचं भरलं तेव्हा कुंपणावरच्या दोन बायका अंगणात आल्या होत्या, आणि दुपारपर्यंत सहा झाल्या. त्यांच्याही घरी पाकिटंच होती. मास्तर त्यांना खारोड्यांचं पीठ कसं शिजवायचं ते सांगत होते आणि वहिनी खाटेवरून प्रत्येक वाक्याला दुरुस्ती करत होती. दोघं तिळावरून भांडले. पाण्यावरून भांडले. इतक्या आनंदानं भांडणारी दोन माणसं मी नंतर पाहिली नाहीत.

मी आता नवसारीला असते. बदली झाली, घर झालं. मास्तर अर्धं वर्ष गोडादऱ्याला आणि अर्धं गावी असतात. गावातल्या सोळा घरांत आता वाळवण घालतात, असं सुनीता फोनवर सांगते. वहिनी अजून खाटेवर आहे आणि अजून कुणाच्याच कामावर खूश नाही. मास्तरांनी कापडाच्या पुस्तकाची एक प्रत काढून सुनेला दिली, ती अंगणवाडीत भिंतीवर लावली आहे, आणि पोरं तिच्यावरून रंग शिकतात.

पण त्या दिवशीची परतीची गाडी मला अजून आठवते. तालीम संपली, निघायची वेळ झाली, तेव्हा मास्तर म्हणाले की लोणचं रोज हलवावं लागतं, एकवीस दिवस, वहिनीचे हात चालत नाहीत, तेव्हा ते थांबतात. काकूंनी नुसती मान डोलावली. आम्ही चौघंच दोंडाईच्याहून गाडीत बसलो. मला वाटलं, काकूंना एकटं वाटत असेल. मी त्यांच्या शेजारी सरकून बसले.

नंदुरबारला गाडी थांबली. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि भज्यांचा पुडा, दोन पाकिटं वेफर आणि चहा घेतला. चपला काढल्या, पाय समोरच्या बाकावर ठेवले. वेफरचं पाकीट दातानं फोडलं. पहिला वेफर बराच वेळ चघळला, जणू तो कुठल्या मातीतला ते ओळखत होत्या. मग दुसरा. मग मूठभर.

"बाई," त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उद्या काय वाळत घालायचं, ते मला माहीत नाही."

आणि त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. वायरमन हसला, सुनीता हसली, समोरच्या बाकावरचं अनोळखी कुटुंबही कारण न कळता हसायला लागलं. नवापूर येऊन गेलं तरी काकू थांबल्या नव्हत्या.